ऑब्जेक्टलाही आईबाप असतात

जगात बेवारस असं काही नसतंच, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मला भेटला, आणि तो नाशिकच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. मूळचा देवळ्याचा. कुठलीही वस्तू दिसली की ती कोणी केली हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पंचवटीच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन विचारायचा, "मावशी, ही कोणाच्या मळ्यातली?" "तुला खायची हाय का सोयरीक करायची हाय तिच्याशी?" असं मावशींनी एकदा सुनावलं, तरी गाव विचारूनच हलला. माझ्या लग्नात तर वऱ्हाड जेवायला खोळंबलेलं असताना यानं नवरीलाच विचारलं, "वहिनी, पैठणी येवल्याच्या कोणत्या विणकराची?" माझी बायको अजून त्याला 'ते पैठणीवाले' म्हणते.

प्रोग्राम लिहायची जावा ही भाषा नवी नवी होती तेव्हा आम्ही कांद्याच्या एका व्यापाऱ्यासाठी प्रोग्राम लिहीत होतो. जावामध्ये ऑब्जेक्टला, म्हणजे प्रोग्रामनं आत तयार केलेल्या पावती-बिलासारख्या वस्तूला, आपल्याला कोणी जन्माला घातलं हे आपोआप कळत नाही. याला ते सहनच होईना. त्यानं अशी सोय केली की प्रोग्राममध्ये जे काही तयार होईल, त्याच्या खिशात जन्मतःच निर्मात्याचा पत्ता पडेल. त्या खिशाचं नाव 'कोणाचा'. पावती चुकली की तिला विचारायचं, कोणाचा? ती बिलाकडे बोट दाखवायची, बिल वजनाकडे. आम्ही खूश. दुपारनंतर मात्र कॉम्प्युटर मुंगीच्या पावलानं चालायचा. जावा नको झालेल्या वस्तू स्वतःच झाडून टाकते, पण ज्याची कोणाला तरी आठवण आहे त्याला हात लावत नाही. इथं प्रत्येक पोराला बाप आठवत होता आणि बापाला आजा, त्यामुळे कोणी जागाच सोडेना.

"सगळ्यांचे बाप सांभाळता सांभाळता प्रोग्राम मरेल. काढ ते," साहेब म्हणाले.

यानं मुकाट्यानं काढलं. त्याची आई आधीच गेली होती, वडील गेल्यावर तर तो गावाकडे फिरकलाच नव्हता. त्या दिवशी चहा पिताना म्हणाला, "लहानपणी एस.टी.तून उतरलं की म्हातारे विचारायचे, 'कोना पोऱ्या शे रे तू?' बापाचं नाव सांगितलं की कोणी तरी हातावर शेंगा ठेवायचं. एकदा परत कोणी तसं विचारावं असं वाटतं रे. जाऊन येतो."

शनिवारी गेला. सोमवारी मी आल्या आल्या म्हटलं, "काय, विचारलं का कोणी?"

"विचारलं ना, स्टँडवरच. 'पाहुणे, कुठले तुम्ही?'"

"मग?"

"नाशिकचा म्हटलं," तो म्हणाला आणि हसला. ते हसू मला अजून सलतं. पुढे तो बंगलोरला गेला. फार आठवण येते त्याची.