मामांची झडती

रिकामी जागा दिसली आणि तिच्यात माणूस लपला असेल असं वाटलं नाही, असा एकही दिवस माझ्या मामांच्या आयुष्यात गेला नसावा. राणीसावरगावात जन्मलेल्या ह्या माणसाची उभी नोकरी मालवाहू जहाजांवर गेली. जहाज बंदरातून निघायच्या आधी काठी घेऊन कोपरान् कोपरा धुंडाळायचा आणि चोरून बसलेल्याला खाली उतरवायचं, हे त्यांचं काम. "एकदा जहाज सुटलं की त्या मानसाला कोनतंच बंदर घेत न्हाई," ते सांगत. "पान्यावरच फिरत ऱ्हातो बिचारा. त्यापरीस आधीच उतरवलेला बरा."

निवृत्त होऊन गावी आले, पण काठी काही सुटली नाही. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या दिवसांत कधी बंद, कधी रस्ता अडवलेला; त्यातून गंगाखेडची एसटी सुटायची वेळ आलीच, तर मामा टपावर ताडपत्री उचलून बघत असायचे आणि कंडक्टर घंटीची दोरी धरून ताटकळत असायचा. मामीनं रचलेल्या गोधड्यांच्या चवडीत रोज काठी खुपसली जाई. तिच्यातून आजवर निघालं ते फक्त मांजर. एकदा देवळाचं दार लावायच्या वेळी त्यांनी आत तोंड घालून हाक दिली, "कोन हाय? भाईर या." गुरव म्हणाला, "मारुतराय हायेत." "त्यांना ऱ्हाऊ द्या," मामांनी परवानगी दिली.

दिवाळीनंतर ऊसतोडीचे ट्रक निघत. त्यांची झडती घ्यायला मामांना कुणीही सांगितलं नव्हतं. त्या वर्षी शेजारच्या गयाआक्कांचा मुलगा आणि सून तान्ह्या लेकराला घेऊन निघाले होते. म्हातारी माणसं न्यायची नाहीत असं मुकादमानं बजावलेलं, म्हणून गयाआक्का एकट्या मागं राहणार होत्या. मामांनी सवयीनं ट्रकातल्या गोधड्या उचलल्या, तर शेळीच्या आडोशाला गयाआक्का, पोटाशी गाठोडं धरून. मुलगा मान खाली घालून उभा राहिला. मामांनी मोठ्या अदबीनं हात देऊन त्यांना उतरवलं.

"भाऊ, जहाजात घावलेल्याला कुठं सोडत होता तुमी?" गयाआक्कांनी विचारलं.

"जिथनं चढला तिथंच, आक्का."

"मंग इथं कोन हाय माझं?"

ट्रक गेला. मामी रोज भाकरी पोचवायची, ती त्या घेत. मामांशी मात्र बोलल्या नाहीत. मामांना सगळं गाव हसायचं, मीही हसायचो, पण त्या हिवाळ्यात त्यांच्याकडं बघवत नसे.

पुढच्या वर्षी मुलगा-सून पुन्हा निघाले. ट्रक भरायला लागला तेव्हा मामा काठी घरीच ठेवून आले. मुकादमाला जहाजाच्या गोष्टी सांगत लांब चिंचेखाली घेऊन गेले आणि ट्रककडं पाठ करून उभे राहिले. गोष्टी संपल्या, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. शेवटी न राहवून ते गयाआक्कांच्या ओट्यापाशी गेले.

"आक्का, गाडी निघायलीय. मी बघत न्हाई तिकडं."

"जाऊ द्या, भाऊ," त्या वर्षभरानं बोलल्या. "चढायचं जमंल अजून. उतरायचं बळ न्हाई ऱ्हायलं."

मामा तिथंच ओट्यावर बसले. ट्रकचा आवाज येईनासा झाला तरी उठले नाहीत. मग गयाआक्कांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला. मामांनी तो घेतला, पण प्यायला त्यांना फार वेळ लागला.