मेंढरांतली चांदणी

बानाबाईला घोड्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. त्यामुळं पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याकडेला बरगड्या निघालेली एक पांढरी घोडी लंगडताना दिसली, तेव्हा तिनं तिला सरळ आपल्या कळपात हाकललं. घोडी होती बन्सीची; तो वरातीला घोडी भाड्यानं द्यायचा. पाय दुखावला तसं त्यानं तिला मोकळी सोडून हात झटकले होते.

जनावरांच्या डॉक्टर अश्लेषाताईंनी येऊन खुराची जखम धुतली, मलमपट्टी केली. "मावशी, हिला एकटी ठेवू नका. फार घाबरलीय."

एवढं ऐकायचा अवकाश, बानाबाईनं मेंढरांचं सगळं शास्त्र घोडीवर चालवलं. कपाळाला भंडारा, पाठीवर कळपाची गेरूची खूण आणि गळ्यात म्होरक्या मेंढ्याची घंटी! नाव ठेवलं चांदणी. नवरा मल्हारराव हसून हसून बेजार.

"आता लोकर कवा कातरतीस?"

"वाढू दे की, कातरते!"

पण चांदणी खायला लागली, अंगानं भरली, घंटी वाजवत कळपाच्या पुढं चालायला लागली. बानाबाईचा तिच्यावर लेकीसारखा जीव जडला.

लग्नसराई तोंडावर आली आणि बन्सी उगवला. "मावशी, लई उपकार झाले. जनावर माझं हाय, नेतो आता."

ओठांवर आलेल्या शिव्या बानाबाईनं गिळल्या, कारण तोंड उघडलं असतं तर रडूच फुटलं असतं. बन्सीनं दोर ओढला. चांदणी चालली, घंटी वाजली आणि अख्खा कळप माना खाली घालून मागोमाग निघाला. रस्त्यावर ट्रक थांबले, रिक्षावाले ओरडायला लागले. बन्सीनं वैतागून घंटी काढली, तर मेंढरं थांबली आणि त्यांच्याविना चांदणी जागची हलेना. पुन्हा बांधली, तर पुन्हा मेंढरं पाठीशी.

"ने की रं," मल्हारराव म्हणाला, "एवढं वऱ्हाड कोण्या नवरदेवाला मिळालंय?"

बन्सीलाही हसू आलं. त्यानं चांदणीच्या मानेवर हात ठेवला, तशी ती अंग चोरून बाजूला झाली. त्याचं हसू तिथंच विरलं.

"मेंढरांसंगं चालती तशी माझ्यासंगं कवाच चालली नाय ही," तो हळूच म्हणाला आणि दोर बानाबाईच्या हातात दिला.

आता मात्र बानाबाई ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिनं चांदणीच्या गळ्यातला दोर सोडला, घंटी तेवढी राहू दिली.

"चल गं बाई, घरी."

चांदणी वळली. तिच्यामागं मेंढरं वळली आणि सगळ्यांच्या मागून बानाबाई.