पाठीवरचा खिसा

आमच्या ह्यांना गळ टाकून बसायचा नाद आहे. शेत बटईनं दिल्यापासून तर दुसरं कामच नाही. सकाळी उठायचं, तंगुसाची दोरी, गळ आणि कणकेचा गोळा पिशवीत टाकायचा आणि गंगेवर जायचं. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. पाथरीच्या खालच्या अंगाला आमचं गाव, तिथं बंधाऱ्याचं पाणी उन्हाळ्यातही राहतं. त्यामुळे ह्यांचा नाद बारमाही. घरी येणारे मासे मात्र बोटभर. मी म्हणायचे, त्या कणकेची पोळी केली असती तर कुणाच्या तरी पोटात गेली असती.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याच्या मुलानं बापासाठी एक काळा टी-शर्ट पाठवला. गुळगुळीत, चकचकीत, इस्त्री नको, काही नको. ह्यांना त्याचं कोण कौतुक. तो घालून, डोक्याला काही न बांधता भर वैशाखात नदीवर गेले, आणि दुपारी दोघातिघांनी उचलून घरी आणले. अंग तव्यासारखं तापलेलं. डोळे उघडे, पण मला ओळखेनात. दवाखान्यात सलाईन चालू होतं तेव्हा मी पाय धरून बसले होते, कारण हाताला सुई होती. सारखं एकच मनात येत होतं, ह्या माणसाशी भांडल्याशिवाय माझा दिवस उगवत नाही, आता मी कुणाशी भांडू?

बरे झाले. त्या टी-शर्टचं मी फडकं केलं, तर ते फरशीवरचं पाणीसुद्धा ओढेना. तो कपडा घाम काय ओढणार होता?

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी गळ, तंगूस सगळं माळ्यावर टाकलं. त्यांनी ते मागितलंच नाही. मागून भांडले असते तर बरं वाटलं असतं. नुसते ओट्यावर बसून राहायचे. भाजीत मीठ टाकायला मी एकदा विसरले, तरी मुकाट्यानं जेवले. हे असंच चाललं तर हा माणूस घरात बसूनच संपेल, अशी मला भीती वाटायला लागली. उन्हाची भीती होतीच. दोन्ही भीतींमध्ये हिवाळा गेला. होळी झाल्यावर एक दिवस मीच गळ खाली काढला.

"जा," म्हणलं. "पण कपडे मी सांगन ते."

घरात पांढरा सुती सदरा होता, तो पुढं केला. हे म्हणाले, "पांढरं न्हाई चालत. मासा पाण्यातून वर बघतो आन बुजतो."

मासा कुणाचा सदरा बघतो ते मला ठाऊक नाही. पण इतक्या महिन्यांनी ते कशाला तरी नको म्हणाले, ह्याचाच मला आनंद झाला.

मग मी माझं एक जुनं सुती पातळ काढलं. शेवाळी रंगाचं, बारीक फुलांचं, खुरपणीला नेसून नेसून पार मऊ पडलेलं. त्याचा सदरा शिवायला बसले. बाह्या मनगटापर्यंत, मान भाजू नये म्हणून उभी कॉलर, आणि वारा खेळावा म्हणून बगलेत जादा कापड घालून चांगला ढगळ केला.

"गडी माणसाच्या अंगावर फुलं?" हे म्हणाले.

"मासा काय फुलं मोजायलाय?"

डोक्याला ओला रुमाल ठरला, पायात चप्पल ठरली. अडलं ते कांद्यावर. आमच्याकडे उन्हात निघालेल्या माणसाच्या खिशात कांदा असतो, तो ऊन ओढून घेतो म्हणतात. डॉक्टर हसले होते, हसू देत. ह्यांचं म्हणणं वेगळंच.

"कांद्याचा हात कणकेला लागला की मासा तोंड लावत न्हाई."

मी सदरा परत मशीनवर घेतला आणि पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधे खिसा शिवला. तिथं त्यांचा हात पुरत नाही. "आता लावा हात," म्हणलं.

पहिल्या दिवशी पारावरच्यांनी विचारलं, "काका, कुबड कधी आलं?"

"घरचा कांदा हाय," हे म्हणाले. "तुमाला कोण देतंय?" हे त्यांनीच घरी येऊन मला सांगितलं आणि कालवणात मीठ जास्त झाल्याचंही सांगितलं. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

अट एकच होती, ऊन डोक्यावर यायच्या आत घरी. पंधरवडाभर पाळली. मग एक दिवस जेवणवेळ टळली तरी पत्ता नाही. फोन लावला तर तो घरातच वाजला. मी गॅस बंद केला आणि होते तशी निघाले. दोन्ही बाजूंना ऊस, मधे तापलेली वाट, आणि चिटपाखरू नाही.

काठावरच्या बाभळीखाली पाठ दिसली. शेवाळी सदरा, मधोमध कांद्याचा उंचवटा. मान छातीवर पडलेली. हलत नव्हते. मी त्या कांद्याकडे बघत उभी राहिले. जरा वेळानं कांदा किंचित वर झाला आणि खाली आला. परत वर झाला.

मग जवळ जाऊन खांद्याला हात लावला. घामानं ओलसर झालेला सदरा वाऱ्यानं गार पडला होता.

"डोळा लागला बघ," हे म्हणाले. "ह्या सदऱ्यात ऊन चढलेलं कळलंच न्हाई."

भांडायचं सगळं वाटेत जुळवून आणलं होतं, आणि मला रडूच आलं. हे माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायला लागले.

"चप्पल कुठाय? डोक्याला काय न्हाई. कामून आलीस अशी? लोका सांगे ब्रह्मज्ञान..." पुढचं त्यांनी म्हटलं नाही. तेव्हा कुठं माझे तळवे भाजल्याचं मला कळलं.

त्यांनी मला धरून पाण्यात पाय सोडून बसवलं. स्वतःच्या डोक्याचा रुमाल गंगेत बुडवला, अर्धवट पिळला आणि माझ्या डोक्याला बांधला. गाठ गळाला मारतात ती मारली. संध्याकाळी घरी ती सुटता सुटेना. मग त्यांनी माझ्याकडे पाठ केली.

"काढ तेवढा कांदा. माझा हात पुरत न्हाई."

काढला. अंगाच्या उबेनं कोमट झाला होता.

"तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे," म्हणाले.

"आन तुमाला?"

"मला तुझं पातळ हाय की."

ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथंच बसलो. मला खिसा नव्हता, म्हणून कांदा मुठीतच धरून ठेवला.