म्हश्याच्या जत्रेतलं अंथरूण

तर खळ्यात तो नारिंगी तंबू उभा राहिला आणि अख्खी आळी बघायला लोटली, इथवर काल आलो होतो. पण तंबू आणला कुणी नि कशाला, ते राहिलंच की!

आणला हर्षालीनं. चांगोची ही धाकटी लेक मुरबाडच्या डोंगराकडं ट्रेकवाल्यांच्या कॅम्पवर स्वयंपाक करते. तिथूनच तिनं तंबू, फोमची चटई आणि झोपायची पिशवी मागून आणली. चांगो दर पौषात एक खोंड घेऊन म्हश्याच्या जत्रेला जातो आणि तो विकला जाईस्तोवर माळावर निजतो. आजवर ताडपत्री नि बांबू त्याच्या खांद्यावर असायचे, गोधडी बायकोच्या, भिमीच्या डोक्यावर. भिमी भादव्यात गेली. यंदा ओझं एकट्याचं, म्हणून सगळं हलकं हवं.

हर्षालीला खरी काळजी ओझ्याची नव्हतीच. आई गेल्यापासून बापाला ऊन कळेना, थंडी कळेना. रडला नाही, चिडला नाही. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट जेवला. परवा पहाटे ओट्यावर उघडाच बसलेला सापडला, अंग लाकडासारखं गार. विचारलं तर म्हणे, थंडी आहे काय? असा माणूस माळावर पांघरूण तरी ओढून घेईल का? जाऊ नका म्हटलं तर बरं म्हणाला, जा म्हटलं तरी बरंच म्हणाला. शेवटी तिनंच ठरवलं, घरात गोठून बसण्यापेक्षा चार माणसांत जाऊ दे. पण उबेत निजवूनच.

तर जायच्या आधी घरीच निजून बघावं म्हणून चांगोला तंबूत घातलं, चेन लावली. आता जत्रेत खोंडाचा कासरा मनगटाला बांधून निजायची रीत. कासरा चेनीतून बाहेर काढला, तर खोंडानं मान हलवली की तंबूही मान हलवायचा.

"चांगो," शेजारचा धाऊ म्हणाला, "गिऱ्हाईक खोंड घेऊन जाईल नि तूबी तंबूसकट जाशील रे."

आळी हसली. आतून नुसतं हूं आलं. तंबू बाद झाला, जुनी ताडपत्रीच ठरली.

फोमची चटईही टिकली नाही. जत्रेत पेंढ्यावर निजायचं. गादी तीच नि वैरणही तीच. खोंड रात्रभर एका टोकानं मालकाचं अंथरूण खात येतो, एवढीच काय ती अडचण. बरं, पेंढा जत्रेतच विकत मिळतो, खांद्याला भार नाही.

राहिली गोधडी. भिमीनं आपल्या लुगड्यांची, दोघांना पुरेल अशी शिवलेली. भारी जड. अर्धी कापू का, असं हर्षालीनं भीत भीत विचारलं.

"काप," चांगो म्हणाला. भोपळ्याबद्दल बोलावं तसं.

तिला कात्री लावता येईना. तिनं गोधडी घडी करून आत ठेवली, खळ्यात पेंढा पसरला, वर ताडपत्री ताणली आणि बापाला झोपायच्या पिशवीत शिरायला लावलं. ऊन कलतं झालं होतं, नदीकडून वारा सुटला होता. चांगो गोठ्याकडं तोंड करून पेंढ्याच्या पार कडेला निजला. मागची अर्धी जागा भिमीची, नेहमीसारखी मोकळी.

ऊब लागते का, हे ती सकाळपासून विचारत होती आणि तो बरं म्हणत होता. तिनं पुन्हा विचारलं. मग पिशवी जराशी हलली.

"पायांना लागते गो. पाठीला गार लागतंय, तिथं एक पेंढी लाव."