दुबईचा लाइट आणि नळदुर्गाची भिंत

नळदुर्गात मोटारसायकलीचा लाइट नीट लावून हवा असेल तर शिवशरणकडं जायचं. दुसरीकडं गेलात तर तुमचं तुम्ही बघा. आठवीत मी त्याला विज्ञान शिकवलं, तेव्हा त्याचं लक्ष खिडकीबाहेर असायचं. आता माझी स्कूटर त्याच्याकडं असते आणि माझं लक्ष त्याच्या हाताकडं.

पिठाच्या गिरणीची मागची भिंत हे त्याचं यंत्र. तिच्यावर कोळशानं रेघ मारलेली. गाडी दहा पावलांवर उभी करायची, मालकाला वर बसवायचं आणि उजेडाची कड रेघेवर येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. बायको मागं बसत असेल तर तिलाही बसवतो. "मागं वजन पडलं की लाइट आभाळात जातो," म्हणतो. त्यामुळं भिंतीकडं तोंड करून उभ्या गाडीवर बसलेली जोडपी तिथं नेहमी दिसतात. गिरणीतल्या बायका दळण विसरून त्यांना बघतात.

नव्या गाड्यांचा लाइट दिवसाही चालूच राहतो. तसा नियमच आहे, बटणच नसतं. तरी रस्त्यावरचा प्रत्येक शहाणा पंजा उघडून-मिटून "लाइट, लाइट" सांगतोच. मी खेकसते. शिवशरण मात्र दर वेळी मान डोलावून म्हणतो, "बरं झालं सांगितलं."

अशा गरीब माणसापुढं त्याचा मेहुणा सोमेश दुबईहून लाइट घेऊन उभा राहिला. सोमेश अणदूरचा, दोन वर्षं तिकडं होता. त्याच्याकडं जी गाडी आहे, तीच तिकडंही विकतात, फक्त लाइट वेगळा.

शिवशरणनं लाइट बॅटरीला जोडला, भिंतीवर धरला आणि लगेच बंद केला.

"ह्यो न्हाय चालायचा."

"का? जळत न्हाय का?"

"जळतोय. पण उजवीकडं मान वर करतोय. आपण डावीकडनं चालतो, म्हणून आपला लाइट डावीकडं वर चढतो. कडेचं शेरडू दिसतं आन् समोरच्याचे डोळे वाचतात. तिकडं चालतात उजवीकडनं, म्हणून लाइटही उलटा."

"दाजी, दुबईचा माल हाय. तुमी भिंतीचं काय घेऊन बसलाय? जरा खाली करा की."

"खाली केला तर तुला तुझंच चाक दिसंल."

सोमेशनं लाइट आणि गाडी तिथंच ठेवली, दाजींची गाडी घेतली आणि घरी जाऊन आईला सांगितलं. शांताक्कांचा लेकीला फोन आला, "माझ्या पोराची वस्तू जावयाला जड झाली व्हय?" लेक म्हणजे शिवशरणची बायको, महेश्वरी. तिनं बोलणं बंद केलं. ताट मात्र वेळेवर यायचं, आपटून.

तिसऱ्या दिवशी तो माझ्यापुढं येऊन बसला. "लावला तर वीस वर्षांचं नाव जातंय बाई. न लावला तर घर."

"लाव," मी म्हटलं. "आणि त्या गाडीवर तू बस."

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग तो असा हसला की मला आठवीतला शिवशरण आठवला.

गुरुवारी दिवेलागणीला त्यानं सोमेशला फोन केला, "लावलाय, गाडी न्यायला ये." सोमेश अणदूरहून निघाला. आम्ही नळदुर्गाहून त्याच्या समोर निघालो, तो नेहमी येतो त्याच जुन्या शेतरस्त्यानं, सायकलीच्या वेगानं. मागं वजन हवं म्हणून मी बसले, शिवाय साक्षीदारही हवाच होता.

वळणावर समोरून गाडी आली, डगमगली आणि हळूच तुरीत शिरली. तुरीतून शिव्या सुरू झाल्या, आधी मराठीत, मग कन्नडात.

"डोळे फोडतो का रे माणसांचे? कुठल्या गाढवानं बसवलाय ह्यो लाइट?"

शिवशरणनं गाडी बंद केली. "म्या बसवलाय. तुझाच हाय."

तुरीतून डोकं वर आलं. मग सोमेशला मी दिसले.

"बाई, तुमी पण?"

"हो. कन्नड चांगलं आहे तुझं."

सोमेशनं दाजींची गाडी बाहेर ओढली. कुठं खरचटलं नव्हतं, ना त्याला ना गाडीला. बराच वेळ तो पँटीची माती झटकत राहिला. मग म्हणाला, "काढून टाका दाजी. शिव्यांचं तेवढं आईला सांगू नका."

"न्हाय सांगत. पण लाइट का काढला, ते तूच सांगायचं."

सोमेशनं शब्द पाळला. आईला म्हणाला, मलाच तो पसंत न्हाय, दाजी लावतच होते. शांताक्कांचा पुन्हा लेकीला फोन गेला. या वेळी जावयाला उगीच तसदी दिल्याबद्दल.

त्या रात्री ताट अलगद ठेवलं गेलं. चार दिवसांच्या अबोल्यानंतर महेश्वरी पहिलं वाक्य बोलली, "सोमूलाच नको होता, तर आधी सांगायचं की. उगं भांडायला लावलंत."

शिवशरणनं ते ऐकून घेतलं आणि आणखी एक भाकरी मागितली.