पुनावळ्याच्या बंगल्यातला तिसरा स्विच

मी बसवलेला तिसरा स्विचही गेला तेव्हा पुनावळ्याच्या बाळासाहेबांनी मला फोन केला नाही. त्यांनी गावच्या बैलगाडा शर्यतीच्या ग्रुपवर मेसेज टाकला : 'चिखलीच्या नेटवाल्याकडून काम करून घेऊ नका. डुप्लिकेट माल देतो.'

तो मेसेज मला दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाने पाठवला. त्याच्या बंगल्याचं काम मी सोमवारी सुरू करणार होतो. मेसेजखाली त्याने लिहिलं होतं, 'आपण जरा थांबू.' संध्याकाळपर्यंत आणखी एकाने थांबायला सांगितलं.

मी चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी हेल्पर होतो. मेंटेनन्सवाल्यांच्या मागे पाने-पक्कड उचलत केबलिंग शिकलो आणि चिखलीत स्वतःचं दुकान टाकलं. माझ्याकडे डिप्लोमा नाही, मागे कोणी काका-मामा नाही. माल खरा देतो, एवढ्या एका गोष्टीवर दुकान चालतं. नेमकी तीच गोष्ट या माणसाने चारचौघांत काढून घेतली होती.

सकाळी पुनावळ्यात बाळासाहेबांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"ग्रुपवर लिहायच्या आधी मला एक फोन जड होता का?"

"किती फोन करायचे, राव? पहिला गेला, तुमी बदलला. दुसरा गेला, बदलला. आता तिसरा. खरा माल आसा मरतो व्हय?"

मी भांडायलाच गेलो होतो. पण भांडणातून दुकान परत मिळत नाही, म्हणून सौदा केला. "माल खोटा निघाला तर सगळं नवीन बसवतो, फुकट. दोष घरात निघाला तर जिथं मला डुप्लिकेट म्हणालात, त्याच ग्रुपवर खरं काय ते लिहायचं."

"लिहू की. त्यात काय?"

"मेसेज नुसता पुसून चालणार नाही. लिहायचं."

"आरं हो म्हनलं ना, भावा. आधी बघा तर."

स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. घरातल्या नेटच्या सगळ्या वायरी ज्या डबीत येऊन मिळतात, तिला आम्ही स्विच म्हणतो. या घरात कॅमेऱ्यांना वीजही त्याच वायरीतून जात होती. त्यातले दोन कॅमेरे मागच्या गोठ्यात, जमिनीत रोवलेल्या लोखंडी खांबावर होते. शर्यतीचे बैल रात्रंदिवस मोबाइलवर दिसले पाहिजेत, ही बाळासाहेबांची अट होती.

आधीचे दोन मेलेले स्विच मी सोबत आणले होते. तिसरा काढला आणि तिन्ही टेबलावर उघडून ठेवले. तिन्हींत जळालेले पोर्ट तेच होते, गोठ्याकडे जाणारे. खोटा माल इतक्या शिस्तीत मरत नाही. आभाळात वीज कडाडली म्हणावं, तर महिनाभर ढगही नव्हता.

मग बाळासाहेबांची सून बोलली. स्नेहल नाव. माण गावातल्या आयटी कंपनीत कामाला, पण लेकरू लहान म्हणून घरूनच काम करते.

"दादा, नेट नेहमी सकाळीच जातं. आणि लॅपटॉप चार्जिंगला असला की त्याला हात लावल्यावर मुंग्या येतात."

"हे घरात कोणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं. म्हणाले, लॅपटॉप कमी वापर."

मुंग्या म्हटल्यावर मी स्विच बाजूला सारले आणि व्होल्ट मोजायचा मीटर काढला. प्लग खोचतो त्या सॉकेटला वरच्या बाजूला मोठं भोक असतं, ते अर्थिंगचं. घरातल्या एखाद्या यंत्राच्या अंगात वीज उतरली, तर ती माणसाला न शिवता त्या वाटेने जमिनीत जावी, एवढंच तिचं काम. काम हाती घेताना मी इथली अर्थिंग तपासली होती आणि ती चांगली होती. म्हणून आजवर त्या दिशेला डोकं गेलं नव्हतं.

न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात दोन-तीन व्होल्ट दिसले तर ठीक. मीटरवर आकडा जास्त होता आणि हलत होता. तेवढ्यात मागे हौदावरची मोटार सुरू झाली. बाळासाहेबांचे वडील, तात्या, रोज सकाळसारखे बैल धुवायला बसले होते. आकडा शंभराच्या वर गेला.

"मोटार बंद करा," मी ओरडलो. आकडा खाली आला.

अर्थिंगची पट्टी भिंतीवरून उतरून गोठ्यामागे जमिनीत जात होती. तिच्या मागे मागे गेलो. जमिनीपासून वीतभर वर ती करवतीने कापलेली होती.

"तात्या, ही कोणी कापली?"

"म्या."

"कशापायी?"

"बैल अंग काढत व्हता. गव्हाणीपाशी उभाच ऱ्हाईना. वायरमन म्हनला व्हता, घरातला करंट हितनं जमिनीत उतरतो. म्हनलं, माज्याच बैलाच्या पायाखाली उतरायचा व्हय? दिली कापून. दुसऱ्या दिवशी बैल गुमान खाया लागला."

"बाळासाहेबांना सांगितलं नाही?"

"त्याला बैलातलं काय कळतंय?"

तात्या निम्मे बरोबर होते. मोटारीच्या आतली वायर जुनी होऊन वीज तिच्या लोखंडी अंगात येत होती. तिथून ती पट्टीवाटे गोठ्याच्या ओल्या जमिनीत उतरायची. माणसाला कळत नाही तेवढा झटका बैलाला कळतो. पट्टी कापल्यावर बैल सुटला, पण वीज कोंडली. मग ती अर्थिंगच्या वायरीने घरभर फिरली आणि तिला जमिनीत जायला एकच वाट सापडली. माझा स्विच, माझी केबल आणि कॅमेऱ्याचा खांब. स्वयंपाकघरातला फ्रिज, बाथरूममधला गीझर, सगळं त्याच वायरीवर होतं. अशा वेळी वीज तोडणारा ईएलसीबी सारखा पडायचा, म्हणून बाळासाहेबांच्या मेहुण्यांनी तो काढून वायर सरळ जोडून दिली होती.

स्नेहलने हे ऐकलं आणि लेकराला उचलून बाहेर आणलं.

मोटार त्याच दिवशी रिवाइंडिंगला गेली. अर्थिंगचा नवा खड्डा गोठ्यापासून लांब घेतला, ईएलसीबी परत बसवून घेतला. मग मी चौथा स्विच लावला आणि बाळासाहेबांना म्हणालो, "आता लिहा."

ते मला गाडीपाशी घेऊन गेले. "सगळं मान्य हाय, राव. पण वडिलांनी पट्टी कापली, हे ग्रुपवर कसं घालू? सगळी भावकी हाय तिथं."

"माझं नाव घालताना हात अडला नाही."

"तुमचं वेगळं."

"वेगळं कसं? तुमचा बाप तो बाप, आणि माझं नाव काय रस्त्यावर पडलंय?"

आवाज चढला तसे तात्या आले. काय चाललंय ते ऐकलं आणि मुलाच्या हातातून मोबाइल घेतला. "बोलायचं कुठं दाबून?"

त्यांनी व्हॉइस मेसेज केला. "ऐका रं समदे. नेटवाल्याचा माल चांगला हाय. पट्टी म्या कापली व्हती, बैलापायी. कुनाचा बैल अंग काढत आसंल तर आदी मोटार तपासा. पट्टी कापू नका."

मोबाइल परत देत मुलाला म्हणाले, "ह्याला लाज कसली?"

दुसऱ्या दिवसापासून मला फोन येऊ लागले. बहुतेक बैलांबद्दल. थांबलेल्या दोन कामांपैकी एक परत मिळालं. दुसऱ्याने मधल्या वेळात दुसरा माणूस धरला होता. बाळासाहेबांनी स्वतः मात्र अजून एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि मीही त्यांच्याकडे अजून चहा घेतलेला नाही.

एक यंत्र मेलं तर यंत्राचा दोष असू शकतो. त्याच जागी दुसरं मेलं तर तिसरं लावू नये, जागा तपासावी. आता कोणत्याही घरात गेलो की राउटर कुठे आहे ते मी नंतर विचारतो, आधी अर्थिंग दाखवा म्हणतो. लोकांना राग येतो. येऊ द्यावा.