झटकलेला तुकडा

त्या मंगळवारी सकाळी मी कणीक मळत होते आणि अभिजितचा फोन आला, "काकू, पप्पा गेले." मी हात धुतले, कणकेवर झाकण ठेवलं आणि मगच खुर्चीत बसले. बापू, तुमच्या आजोबांचा धाकटा भाऊ, जाऊन आता महिना झाला. त्या संध्याकाळीच तुम्ही दोघांनी, मिहिर आणि सानिका, तिकडून घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं की बापूआजोबांनी दर्जाशी कधी तडजोड केली नाही, आणि इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांच्या नावानं दर्जाचं बक्षीस ठेवू या. आजीनं त्यांच्यावर चार शब्द लिहावेत, अशीही सूचना होती. लिहिते. चार शब्दांत मावणार नाही, एवढंच.

बापूचा कारखाना कागलच्या एमआयडीसीत. भट्टीला आतून लावायचा सिरॅमिकचा पांढरा, लोकरीसारखा थर तिथं बनतो. सगळे त्याला ब्लँकेट म्हणतात. जत्रेत म्हातारीचे केस करतात ना, साधारण तसंच. कच्चा माल वितळवून त्याचा रस गरगर फिरणाऱ्या चाकांवर सोडायचा, की त्याचे तंतू उडतात. जो रस तंतू होत नाही त्याचे काचेसारखे बारीक दाणे होतात आणि तंतूंत अडकून बसतात. धग अडवतात ते तंतू आणि त्यांच्यात कोंडलेली हवा. दाणा फक्त वजन वाढवतो आणि धग बाहेर जाऊ देतो. थोडे दाणे कुणाच्याही मालात असतात. बापूच्या मालात भरपूर असत, कारण झिजलेली चाकं बदलण्यापेक्षा दारातली गाडी बदलणं त्याला नेहमीच निकडीचं वाटे.

रसायनशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले तेव्हा त्यानं मला तपासणीला बसवलं. "वहिनी, तुमचं इंग्लिश फर्मास हाय. कागदावर तुमचीच सही पायजे." इतकं उघड बोलला, तरी मला ते कौतुकच वाटलं! मालाचा तुकडा तापवायचा, ठेचायचा, चाळणीवर पाण्यानं धुवायचा आणि मागे राहिलेले दाणे तोलायचे. माझे आकडे नेहमी सुंदर येत. एका दुपारी चाळणीचा ब्रश शोधत मी शेडमध्ये गेले, तर बापू स्वतः नाकाला रुमाल बांधून माझ्याकडे येणारा तुकडा लोखंडी कठड्यावर गोधडीसारखा आपटत होता. शेजारच्या कामगारांच्या नाकाला काही नव्हतं. खाली रव्यासारखा ढीग पडलेला.

"भाऊजी, हे काय?"

"धूळ झटकाय लागलोय, वहिनी. तुमची चाळणी खराब व्हायला नको की!"

म्हणजे माझ्यापुढे येई तो झटकलेला तुकडा, आणि गिऱ्हाइकाला जाई तो न झटकलेला माल. मला सगळं कळलं... आणि त्या दिवशीही मी सही केली. बापूला नावं ठेवताना माझा वाटा विसरू नका.

काही महिन्यांनी एका फाउंड्रीत भट्टीवर काम करणारा मारुती ऑफिसात आला. उजव्या हाताला पट्टी, डाव्या हातात पिशवी. भट्टीच्या बाहेरच्या पत्र्याला त्याचा तळहात टेकला होता. तो पत्रा इतका तापायलाच नको होता. त्यानं पिशवीतलं ब्लँकेट टेबलावर ओतलं. "पावणं, ह्यात वाळू हाय की."

"वाळू न्हाय ती. तंतूच हायत, जरा जाड हायत," बापू म्हणाला.

"मग माझा हातबी जरा जाडच भाजला म्हणायचा." मारुतीनं खिशातून तपासणीचा कागद काढला. "ह्यावर सही कुणाची?"

एरवी न थांबता बोलणारा बापू खणात काहीतरी शोधू लागला. "माझी," मी म्हटलं. मारुतीनं मला नीट पाहून घेतलं. "बाई, तुमी तर शिकल्याल्या दिसताय..." दुसऱ्या दिवसापासून मी गेले नाही. बापूनं मारुतीला काय पाठवलं ठाऊक आहे? कारखान्याचं कॅलेंडर. त्यावर ठळक अक्षरांत, 'दर्जा हाच धर्म'.

गेल्या आठवड्यात अभिजितनं मला बोलावलं. बापूच्या केबिनमध्ये एसी अजून त्याच्याच आवडीइतका गार आहे. बटणाला हात लावायचं धाडस पोराला होत नाही. मी पदर घट्ट लपेटून बसले. समोर एक स्वच्छ तुकडा आणि कोरा कागद. "काकू, मोठी ऑर्डर हाय. पप्पांच्या आठवणीखातर एकदाच सही करा."

"झटकलाय?"

"पप्पांची पद्धत हाय ती..."

मी उठले, शेडमध्ये जाऊन गिऱ्हाइकाला जायच्या रोलच्या मधोमध कात्री घातली आणि सगळी तपासणी स्वतः केली. जो आकडा आला तो लिहिला. खाली सही केली आणि दोन प्रती काढून घेतल्या.

"काकू, हा आकडा बघून ऑर्डर जाणार. पप्पा असते तर..."

"असते तर त्यांनी हाही तुकडा आपटला असता."

अभिजित कागदाकडे बघत बसला. तो पाकिटात घालतो की टोपलीत, हे पाहायला मी थांबले नाही. एक प्रत मीच गिऱ्हाइकाला रजिस्टर पोस्टानं पाठवली. दुसरी तुम्हाला पाठवतेय. ती वाचा, आणि मग बक्षिसाला कुणाचं नाव द्यायचं ते ठरवा.